शेक देण्याआधी रोज फोटो कशाला? प्रोस्टेटच्या रेडिएशनचा इतिहास

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मोठ्या शहरात जाऊन रेडिएशन, म्हणजे आपल्या बोलीत 'शेक', घेऊन आलेले माहूर-किनवटकडचे रुग्ण एक तक्रार हमखास करतात. शेक दोन-चार मिनिटांचा, पण त्याआधी रोज मशीनवर फोटो काढतात. पाणी पाजून ताटकळत बसवतात. पोट साफ नसेल तर टेबलावरून उठवून संडासला पाठवतात. काहींना वाटतं, हा बिल वाढवायचा प्रकार आहे. तसं नाही. त्या फोटोचा इतिहास एकदा वाचा, म्हणजे ते पाणी तुम्ही न सांगता प्याल.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढे असते. वर लघवीची पिशवी भरते आणि रिकामी होते, मागे कधी मळ असतो, कधी गॅस. या दोघांच्या मध्ये अडकलेली प्रोस्टेट रोज थोडी सरकते. कधी दोन-तीन मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरसुद्धा. आज हे कोणताही विद्यार्थी सांगेल. पण उपचार करणाऱ्यांना याची खरी किंमत कळायला फार वर्षं गेली.

सुरुवातीला दिसायचंच काही नाही. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या मशीनने कॅन्सरवर उपचार सुरू झाले आणि पुढे ती मशीन जगभर पसरली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचं देशी कोबाल्ट मशीन बनवलं, त्यातलं पहिलं नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रात, म्हणजे 'ॲक्ट्रेक'मध्ये बसलं. कोबाल्टला नावं ठेवू नका, त्याने लाखो जीव वाचवले आहेत. पण प्रोस्टेटसाठी त्या काळची पद्धत अंदाजाची होती. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, प्रोस्टेट दिसत नाही. म्हणून ओटीपोटाच्या हाडांवरून जागा ठरवायची, कातडीवर खुणा करायच्या आणि चारी बाजूंनी चौकोनी पेटीसारखा शेक द्यायचा. नेम चुकू नये म्हणून पेटी मोठी ठेवायची, आणि मोठ्या पेटीत गुदाशय व मूत्राशय दोन्ही भाजायचे. त्यामुळे डोस वाढवता येत नसे, आणि कमी डोसात कॅन्सर पुन्हा डोकं वर काढी.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. पुढे पूर्ण शरीराचे स्कॅन आले आणि प्रोस्टेट प्रत्यक्ष दिसू लागली. आता स्कॅन बघून, कॉम्प्युटरवर आखणी करून तिच्या आकाराबरहुकूम शेक देता येईना का? येऊ लागला. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन रुग्णालयात १९९३ ते १९९८ या काळात ३०१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ७० ग्रे डोस, निम्म्यांना ७८ (ग्रे हे किरणांचं माप). आठ वर्षांनी ७८ वाल्यांपैकी ७८ टक्क्यांत आजार उलटला नव्हता, ७० वाल्यांत ५९ टक्क्यांत. म्हणजे जास्त डोस उपयोगी होता. पण गुदाशयाचा त्रासही दुप्पट, १३ ऐवजी २६ टक्के.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पेपर त्यानंतरचा, २००५ चा आहे. त्याच रुग्णालयातल्या ७८ ग्रे घेतलेल्या १२७ रुग्णांचे जुने, आखणीच्या दिवशीचे स्कॅन पुन्हा काढून पाहिले गेले. ज्यांचा गुदाशय त्या दिवशी मळाने किंवा गॅसने फुगलेला होता, त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. कारण साधं होतं. फुगलेल्या गुदाशयाने प्रोस्टेट पुढे ढकललेली, आखणी तिथली झाली. नंतर रोज पोट रिकामं असताना प्रोस्टेट मागे सरकलेली आणि शेक मात्र जुन्या जागी. उत्तम मशीन, भरपूर डोस, हुशार डॉक्टर, आणि नेम चुकतोय तो पोटातल्या गॅसमुळे!

उपाय शोधणं आधीच सुरू झालं होतं. कुणी रोज पोटावरून सोनोग्राफी करून प्रोस्टेट शोधली. कुणी तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढे सोन्याचे तुकडे बसवले, कारण सोनं एक्स-रेत दिसतं. मग शेक देणाऱ्या मशीनलाच छोटा सीटी स्कॅन जोडला गेला. टेबलावर झोपवायचं, फोटो घ्यायचा, आखणीच्या फोटोशी जुळवायचा, टेबल काही मिलिमीटर सरकवायचं आणि मग शेक. यालाच 'इमेज गायडेड रेडिओथेरपी' म्हणतात. फोटोच्या किरणांचा डोस उपचाराच्या मानाने अगदी किरकोळ असतो. नेम रोज तपासला जातो म्हणून प्रोस्टेटभोवतीची मोठी पेटी लहान करता आली.

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचा कॅन्सर असलेले २२४ रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर, निम्म्यांना प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींवरही शेक दिला, आणि तोही फोटो घेऊनच. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्यात ९५. मात्र लघवीचा उशिरा होणारा त्रास दुसऱ्या गटात जास्त होता आणि एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. तुमचे डॉक्टर दोन्ही पर्याय सांगतील तेव्हा हे लक्षात ठेवून प्रश्न विचारा.

आपल्यासाठी मोठा फायदा वेगळाच आहे. पूर्वी ३५ ते ४० शेक, म्हणजे जवळजवळ दोन महिने मुंबईत किंवा नागपुरात खोली, सोबत एक माणूस, आणि इकडे शेत पडून. कित्येक जण अर्ध्यातून परत येतात, ते याच कारणाने. नेम पक्का झाल्यावर दर दिवसाचा डोस वाढवून शेकांची संख्या कमी करता आली. ब्रिटनमधल्या चाचणीत २०१६ मध्ये २० शेक हे ३७ शेकांइतकेच चांगले ठरले. २०२४ मध्ये कमी-मध्यम धोक्याच्या आजारात फक्त पाच शेकांचा निकालही तितकाच चांगला आला. जास्त धोक्याच्या आजारात पाच शेक पंचविसाची बरोबरी करतात का, हे तपासायला टाटानेच २०१८ मध्ये 'प्राईम' नावाची चाचणी सुरू केली. सगळ्यांना पाचच शेक चालतील असं नाही, पण जाण्याआधी "माझ्या आजाराला किती शेक लागतील, कमी चालतील का?" हे जरूर विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि शेकांच्या दिवसांत रात्री हरभरा, वाल, वाटाणा असं गॅस करणारं टाळा. बद्धकोष्ठ असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा, ते औषध देतात. सांगितलं तेवढंच पाणी, सांगितल्या वेळी प्या. पाच शेकांच्या उपचारात एका शेकाचा नेम चुकला, तर पाचवा हिस्सा वाया जातो.