देवासच्या अक्कासाहेब आणि माझे सहा महिने

मागच्या आठवड्यात ग्रुपवर जुन्या देवासच्या आठवणी निघाल्या. थोरली पाती, धाकटी पाती, एका गावात दोन राजे, सगळं आलं. पण अक्कासाहेबांचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून लिहिते.

अक्कासाहेब म्हणजे राधाबाई, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची लेक. 1908 मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांशी त्यांचं लग्न झालं, 1910 मध्ये विक्रमसिंह जन्मले. पुढे काही वर्षांतच त्या माहेरी कोल्हापूरला गेल्या त्या संसाराला परतल्याच नाहीत. मुलगा मात्र देवासलाच वाढला. ही हकीकत ई. एम. फॉर्स्टर यांच्या 1953 च्या 'द हिल ऑफ देवी'मध्ये आहे. नावातली देवी म्हणजे आपली टेकडी बरं का! फॉर्स्टर 1921 मध्ये महाराजांचे खासगी चिटणीस होते, त्यांचे जिवलग. मग बाईंची बाजू त्या पुस्तकात कुठून येणार? मुलापासून दूर त्या कशा झोपल्या, कशा जेवल्या, हे मला फार वेळा वाटून गेलंय.

घटस्फोट मागायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. कोल्हापूर संस्थानात 1919 मध्ये तसा कायदा झाला, तो अक्कासाहेबांच्या वडिलांनीच केला. लेकीमुळे केला असं मी म्हणणार नाही. बडोद्यात 1931 मध्ये झाला, देशभरातल्या हिंदूंसाठी 1955 मध्ये. आणि दोघांच्या संमतीने वेगळं व्हायची वाट उघडली ती 1976 च्या दुरुस्तीने. त्याच वाटेने मी गेले, 1983 मध्ये.

तेव्हा मी देवासच्या शाखेत होते. सासर धारचं, त्यामुळे अर्ज धारच्या कोर्टात. तेव्हा अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबावंच लागायचं, मन बदलतंय का बघायला. ते सहा महिने फार वाईट. पोरगी पाच वर्षांची, माझ्याजवळ होती, एवढं सुख. पहिल्या दीड महिन्यात माझं वजन सात किलोनं उतरलं. एक दिवस कॅश टॅली होईना, तीनदा मोजली. हेडकॅशियर काका म्हणाले, "ताई, आधी डबा उघडा. मग मोजू." त्या दिवसापासून डबा दीड वाजता उघडायचाच, भूक असो-नसो, असं ठरवलं.

बाकीचंही हळूहळू बसवलं. वकिलाचं पत्र आलं तर रात्री फोडायचं नाही, शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटल्यावर फोडायचं. नातेवाइकांना एकच वाक्य सांगायचं, खुलासे नाहीत. सीएआयआयबीचं पुस्तक काढलं. अभ्यास यथातथाच झाला, पण रात्रीचे दोन तास त्यात जायचे आणि झोप लागायची. रोज पहाटे टेकडी. आधी तुळजाभवानी, मग चामुंडा. देवीकडे काही मागितलं नाही, खरं सांगते. वर पोचेपर्यंत धाप लागायची आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसायचं.

धारच्या तारखेला पहाटेची बस पकडून इंदूर, तिथून दुसरी बस. सोबत धाकटा भाऊ. एकटीनं जायचं नाही हाही नियमच केला होता. पहिल्या वेळी गेले होते एकटी, परतताना इंदूरच्या स्टँडवर तासभर नुसती बसून राहिले, दोन बसेस सोडल्या.

आई सुरुवातीला माझ्याशी बोलत नसे. "आपल्यात असं झालेलं नाही," हे तिचं पालुपद. मी एकदा अक्कासाहेबांचं सांगितलं. म्हणाली, "त्या राजाच्या लेकी. तुझा बाप तलाठी."

पण पाचव्या महिन्यात एका पहाटे ती चपला घालून दारात उभी. गुडघे दुखत होते, निम्म्या पायऱ्यांवर बसली. "तू जाऊन ये. मी इथं आहे," म्हणाली. मी वर जाऊन आले, तोवर तिनं पदरातले भाजके शेंगदाणे सोलून ठेवले होते.