प्रयोगशाळेतला उंदीर स्वतःच आजारी असेल तर?

एखादं रसायन माणसासाठी घातक आहे का, हे तपासताना बऱ्याचदा आधी उंदरांवर चाचणी होते. पण उंदरांनाही स्वतःचे आजार असतात, कुणी मुद्दाम न दिलेले. अनेकदा लक्षणं दिसत नाहीत, प्रयोगाचा निकाल मात्र बदलतो.

नेमकं काय घडलं होतं?

१९९२ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या फ्रेडरिक (मेरीलँड) इथल्या केंद्रात कर्करोगाविषयी दीर्घकालीन प्रयोग सुरू होता. त्यात फक्त तुलनेसाठी ठेवलेल्या, रसायन न दिलेल्या उंदरांच्याच यकृताला सूज आणि गाठी आढळल्या. कारण निघालं एक जिवाणू, हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस. माणसाच्या पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा हा भाऊबंद.

यात धोका काय?

रसायन दिलेले आणि न दिलेले, अशा दोन गटांची तुलना करून निष्कर्ष काढला जातो. जिवाणूमुळेच गाठी होत असतील, तर दोष रसायनाचा की जिवाणूचा हे ठरवता येत नाही. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या १२ दीर्घकालीन चाचण्यांतल्या उंदरांमध्येही हा संसर्ग सापडला. परिणाम प्रामुख्याने नरांच्या यकृतावर दिसला आणि त्या गाठींचा अर्थ लावणं अवघड झालं.

आणखी कोणते आजार?

- माउस हेपॅटायटिस : हा एक कोरोना विषाणू आहे. तो उंदरांमध्ये झपाट्याने पसरतो आणि प्रतिकारशक्तीवरचे प्रयोग बिघडवतो. माणसाला त्याची लागण होत नाही.
- मायकोप्लाझ्मा पल्मोनिस : रॅटना होणारा श्वसनाचा जुनाट आजार. पिंजरा वेळेवर साफ केला नाही, तर लघवीतून तयार होणाऱ्या अमोनियामुळे तो बळावतो.

आजार ओळखतात कसा?

अनेक प्रयोगशाळा 'पहारेकरी' उंदीर ठेवतात. इतर पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकतात आणि ठरावीक काळाने त्यांची तपासणी करतात. मात्र सगळेच जंतू भुशातून पसरत नाहीत, म्हणून विष्ठेची आणि पिंजऱ्यातल्या धुळीची पीसीआर चाचणीही केली जाते.

संसर्ग सापडला तर?

नवीन प्राणी आधीपासूनच विलगीकरणात ठेवणं हा पहिला बचाव. तरीही संसर्ग शिरला, तर अनेकदा उंदरांचा तो गट मारावा लागतो. दुर्मीळ जात वाचवायची असेल, तर तिचे भ्रूण निरोगी मादीच्या गर्भाशयात वाढवले जातात.

थोडक्यात, प्राण्याची तब्येत जपणं ही दयेची गोष्ट आहेच, पण निकालावर विश्वास ठेवता यावा यासाठीही ते गरजेचं आहे. नाहीतर प्राण्यांचे जीव जातात आणि हाती काहीच लागत नाही.