कबुलीजबाब व प्रत्यक्ष साक्ष (खुनाच्या अपिलांतील)

आरोपीने स्वतः दिलेली गुन्ह्याची कबुली म्हणजे कबुलीजबाब आणि घटना डोळ्यांनी पाहणाऱ्याने न्यायालयात शपथेवर सांगितलेली हकीकत म्हणजे प्रत्यक्ष साक्ष. कबुली हा सर्वांत बळकट पुरावा, अशी सामान्य समजूत आहे; भारतीय विधीने तिच्याकडे साशंकतेनेच पाहिले. १८७२ च्या पुरावा अधिनियमान्वये पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली अग्राह्य होती. पोलिसांच्या ताब्यातील आरोपीची कबुली दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेली असल्यासच ग्राह्य ठरे. हीच तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कायम आहेत.

एकाच्या कबुलीत दुसरा गोवला गेला, की प्रश्न बिकट होतो. एकत्र खटला चाललेल्या सहआरोपीची कबुली न्यायालयास ‘विचारात घेता’ येते (जुने कलम ३०). परंतु तो शपथ घेत नाही आणि त्याची उलटतपासणीही होत नाही. या शब्दांची मर्यादा गोंदिया येथील एका खटल्याने स्पष्ट झाली. २६ डिसेंबर १९४९ रोजी तेथे अन्न अधिकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. तांदूळ पॉलिश करण्यास त्या काळी बंदी होती; त्यासंबंधीच्या तक्रारीवरून नोकरी गमावलेल्या काश्मिरा सिंग या धान्यखरेदी खात्यातील साहाय्यक निरीक्षकाने सूड म्हणून हा खून केला, असा आरोप होता. सहआरोपीने कबुली देताना त्याचे नाव घेतले. नागपूर उच्च न्यायालयापर्यंत देहांताची शिक्षा कायम राहिली.

सर्वोच्च न्यायालयात १९५२ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पुराव्याच्या वाचनाचा क्रमच बदलला. ते स्वतः नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश होते. प्रथम कबुली बाजूला ठेवावी आणि उरलेल्या पुराव्यावर दोषसिद्धी उभी राहते काय, ते पाहावे. तशी ती राहत असेल, तर कबुलीची गरजच नाही. पुरावा पुरेसा असूनही मन कचरत असेल, तरच कबुलीचा आधार घ्यावा. या कसोटीस खुनाचा आरोप उतरला नाही. प्रेताची विल्हेवाट लावण्यातील सहभाग तेवढा सिद्ध झाला आणि फाशीच्या जागी सात वर्षांची शिक्षा आली. कबुली देणाऱ्या सहआरोपीने सर्वोच्च न्यायालयात अपील केले नव्हते. हेच तत्त्व १९६४ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठाने हरिचरण कुर्मी खटल्यात उचलून धरले.

माफीचा साक्षीदार याहून वेगळा. तो शपथेवर बोलतो. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात पाच मुली, एक तान्हे मूल व चार स्त्रिया यांचे खून झाले. त्या अपिलांत (दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७७) न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी अशा साक्षीला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा मिळावा, या नियमावर भर दिला.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची संख्या विधीने ठरवलेली नाही; एकट्याच्या साक्षीवरही फाशी होऊ शकते. वडिवेलु थेवर खटल्यात (१९५७) साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले आहेत : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय व या दोहोंमधले. अपिलांतील खरा वाद तिसऱ्या वर्गाचा असतो. अंधारात ओळख पटली काय, साक्षीदाराने नाव पहिल्या जबाबात घेतले की मागाहून, आरोपीशी वैर होते काय, हे तेथे तपासले जाते. सहअपराध्याच्या साक्षीबाबत जुन्या कलम १३३ मध्ये दुजोऱ्याविना झालेली दोषसिद्धीही बेकायदा ठरत नसे. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये ‘दुजोरा मिळालेली’ साक्ष असा शब्दप्रयोग आहे.