ड्रॅग शर्यतीतील भारस्थानांतर

भारस्थानांतर म्हणजे वाहनाचा वेग वाढत किंवा घटत असताना पुढील व मागील चाकांवरील भाराच्या विभागणीत होणारा बदल होय. ड्रॅग शर्यतीत वाहने थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ रेषेत, परंपरेने पाव मैल (सुमारे ४०२ मीटर), धावतात. त्यामुळे तेथे हा बदल निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत.

कारण

चाकांना पुढे ढकलणारे बल जमिनीलगत लागते, तर वाहनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून काही उंचीवर असतो. त्यामुळे वाहन मागे कलंडू पाहते. पुढील चाकांवरील भार घटतो व मागील चाकांवरील तेवढाच वाढतो. वाहनाचा एकूण भार मात्र बदलत नाही. स्थानांतरित भार = वस्तुमान × त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ पुढील व मागील आसांमधील अंतर.

उदाहरणार्थ, १,००० किलोग्रॅमच्या मोटारीत ही उंची ०.५ मीटर व आसांतील अंतर २.५ मीटर असून त्वरण गुरुत्वत्वरणाइतके असल्यास २०० किलोग्रॅम भार मागे जातो. स्थिर स्थितीत दोन्हीकडे ५०० किलोग्रॅम असल्यास पुढे ३०० व मागे ७०० उरतात. मागील चाकांची पकड त्यामुळे वाढते. इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळणाऱ्या मोटारीत मात्र पकड कमी होते.

चढावर वेग न वाढवताही असाच परिणाम होतो. रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावरील आंबा घाट चढताना मागील चाकांवरील भार वाढतो, तर उतारावर ब्रेक लावताना पुढील.

व्हीली

पुढील चाकांवरील भार शून्य झाला की ती जमीन सोडतात. यास व्हीली म्हणतात. वरील मोटारीस त्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या अडीचपट त्वरण लागेल. व्हीली हे अधिक वेगाचे लक्षण असल्याचा समज चुकीचा आहे. त्या क्षणी सर्व भार मागे आलेला असल्याने पकड आणखी वाढत नाही. उलट मोटार उचलण्यात ऊर्जा खर्च होते आणि पुढील चाकांनी दिशा राखता येत नाही. म्हणून शर्यतीच्या मोटारींची लांबी वाढवतात, गुरुत्वमध्य खाली ठेवतात आणि मागे लहान चाकांचे ‘व्हीली बार’ बसवतात.

सुरक्षितता

दुचाकीचा गुरुत्वमध्य उंच व आसांतील अंतर कमी असल्याने तिचे पुढील चाक सहज उचलले जाते. सुकाणू व पुढील ब्रेक दोन्ही निरुपयोगी झाल्याने रहदारीत असे करणे चालकाच्या व पादचाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वाहनांच्या शर्यतीत भाग घेणे दंडनीय आहे.