सत्कारात मिळालेले पुस्तक

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. मंडप पडतो, मुलांची नाच-गाणी बसवली जातात, आणि अलीकडे त्यात एका कार्यक्रमाची भर पडली आहे : माजी विद्यार्थी गौरव पुरस्कार. शाळेतून बाहेर पडून नाव कमावलेल्या माणसाला बोलावतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह देतात. तो आपल्या शाळेतल्या खोड्या सांगतो, मुले हसतात, फोटो निघतो. आपल्या अंजुमन आणि जमातीही दहावी-बारावीच्या निकालानंतर असेच समारंभ घेतात. पाहुणा म्हणून मीही अशा काही व्यासपीठांवर बसलो आहे.

या समारंभांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या शाळेने अक्षरओळख करून दिली, तिने बोलावून पाठ थोपटावी, यासारखे सुख दुसरे नाही. पण पुरस्कार कोणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि त्याच्या हातात काय ठेवायचे, हे प्रश्न आपण फारसे विचारत नाही. त्या प्रश्नांचे उत्तर शोधताना मला पुण्याजवळच्या देहूरोडची आठवण होते.

देहूरोड हे लष्करी डेपोंच्या आधाराने वाढलेले गाव. पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे स्टेशन, छावणी, दारूगोळ्याचे कोठार आणि कामाच्या शोधात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे. येथून जवळच तुकोबांचे देहू. आषाढीला तुकोबांची पालखी देहूतून निघते, तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो आणि तेथे अभंग-आरती होते. मग पालखी देहूरोडवरून आकुर्डीकडे जाते. एका बाजूला हा वारीचा रस्ता, आणि दुसऱ्या बाजूला देहूरोडचे बुद्धविहार. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून ते त्याच महिन्यात परतले होते. धनंजय कीरांनी आपल्या चरित्रग्रंथात श्रोत्यांची संख्या वीस हजार दिली आहे. त्या सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत बुद्धाच्या शिकवणुकीवर आपण एक ग्रंथ लिहीत आहोत, आणि तो पूर्ण झाल्यावर आपण बौद्ध धर्म स्वीकारणार आहोत.

या ग्रंथाची मुळे शोधत मागे गेले की आपण एका विद्यार्थ्याच्या सत्कारापाशी येऊन पोहोचतो.

7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे त्या मुलाचे नाव भिवा असे लिहिलेले आहे. शाळेतल्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायची मनाई होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर त्या दिवशी तहान तशीच राही.

पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलीचा दागिना मागून आणून गहाण टाकीत. एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी आणि नावाजलेली शाळा, पण कीर सांगतात की हा मुलगा फळ्याकडे जायला उठला की फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलवायला वर्गातली मुले धावत. संस्कृत शिकायची त्याची फार इच्छा होती. ती भाषा त्याला शिकवायला शिक्षक तयार नव्हते. फारसीच्या वर्गाला अशी अट नव्हती, म्हणून त्याने फारसी घेतली. पुढे बी. ए.लाही त्याचे विषय इंग्रजी आणि फारसी हेच राहिले. घटनेच्या शिल्पकाराने महाविद्यालयात फारसीचा अभ्यास केला होता, हे आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक असते. एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते, एवढ्यावरही एखाद्याचे शिक्षण तगते.

1907 साली तो मॅट्रिक झाला. 750 पैकी 282 गुण. आजच्या कोणत्याही गुणगौरव समारंभाच्या यादीत हे नाव बसले नसते. टक्केवारीची अट लावली असती, तर अर्जच परत आला असता. पण त्याच्या समाजातल्या लोकांनी सभा भरवून त्याचा सत्कार केला. अध्यक्ष होते समाजसुधारक सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या सभेत बोलले. ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक, शिवचरित्राचे लेखक. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. त्यांनी त्याच्या हातात स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले.

ही कीरांनी दिलेली हकीकत. खुद्द बाबासाहेबांनी ती थोडी निराळी सांगितली आहे. त्यांच्या आठवणीप्रमाणे सत्कार इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याबद्दल होता आणि अध्यक्षस्थानी केळुसकरच होते. इतर समाजांच्या मानाने ही सत्कार करण्याजोगी गोष्ट नव्हती, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पण समाजातला पहिलाच मुलगा इतका शिकला होता. वडिलांचा सभेला विरोध होता. अशाने मुलाच्या डोक्यात वारे शिरेल, अशी त्यांना भीती वाटत होती. शेवटी लोक केळुसकरांकडे गेले, केळुसकरांनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली.

इयत्ता कोणती आणि अध्यक्ष कोण, यावर दोन्ही हकीकतींत फरक आहे. दोन गोष्टींवर मात्र एकमत आहे : सत्कार शाळेने नव्हे तर समाजाने केला, आणि भेट म्हणून पुस्तक मिळाले.

केळुसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे केले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच बडोदे संस्थानच्या मदतीने 1913 साली तो कोलंबिया विद्यापीठात गेला. बोल्यांचेही तसेच. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव संमत केला. तो मांडणारे हेच बोले. त्या ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावरच राहिले, आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब त्या तळ्याचे पाणी प्याले. शाळेत शिपायाची वाट पाहत तहानलेला राहिलेला विद्यार्थी, त्याच्या सत्काराचा अध्यक्ष आणि महाडचे पाणी, अशी ही साखळी आहे.

मग शिक्षणसंस्थांनी काय केले? 5 जून 1952 रोजी कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या माजी विद्यार्थ्याला सन्माननीय एलएल. डी. दिली. पुढच्या वर्षी, 12 जानेवारी 1953 रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डी. लिट. देऊन त्यांचा गौरव केला. निजामाच्या राज्यात 1918 साली उर्दू माध्यमातून सुरू झालेले हे विद्यापीठ. बाबासाहेब तिथले विद्यार्थी नव्हते, तरी त्याने त्यांना आपले मानले. सातारच्या शाळाप्रवेशाच्या दिवसाला मात्र आणखी वाट पाहावी लागली. महाराष्ट्र शासनाने 2017 साली 7 नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळायचे ठरवले. प्रवेशाला तेव्हा 117 वर्षे झाली होती. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे आणि लोक ते पाहायला जातात.

ते रजिस्टर हाच मला सर्वांत मोठा गौरवफलक वाटतो. त्यात फक्त नाव आहे, गुण नाहीत की पदवी नाही. ते पाहणाऱ्याला नावाबरोबर गोणपाटही आठवते. शाळा माजी विद्यार्थ्याचा गौरव करते तेव्हा तिने स्वतःचाही हिशेब द्यायला हवा. हा मुलगा आमच्यामुळे मोठा झाला, की आम्ही आडवे आलो तरी मोठा झाला? आणि त्याच्या बाकावर बसलेली, पण मध्येच गळलेली बाकीची मुले कुठे गेली?

हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या गुणगौरवात नव्वद टक्क्यांच्या मुलाला ट्रॉफी मिळते, ती कपाटावर धूळ खात पडते. बापाच्या गॅरेजात काम करून पंचेचाळीस टक्क्यांनी पास झालेल्या मुलाला कोणी हाक मारीत नाही. घरातली पहिली दहावी पास झालेली मुलगी टाळ्या वाजवायला मागच्या रांगेत बसते, आणि पुढच्या वर्षी तिचे नाव कॉलेजच्या नव्हे, निकाहच्या रजिस्टरात चढते. आपण यशस्वी झालेल्यांचा सत्कार करतो. ज्यांना यशस्वी व्हायचे आहे, त्यांचा करीत नाही. भरल्या घरी शाल नेऊन देण्यात आपली हौस फिटते, पण जिथे थंडी आहे तिथे ती पोहोचत नाही.

देहूरोड-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांच्या आधाराने कितीतरी घरे उभी राहिली. त्यांतल्या पुष्कळ घरांत मुले शिकणारी पहिलीच पिढी आहे. इथल्या शाळांनी आणि अंजुमनांनी माजी विद्यार्थ्यांना जरूर बोलवावे. पण त्यांच्या हाती शाल देण्याआधी त्यांना एक विनंती करावी : तुमच्याच बाकावर आज बसलेल्या एका मुलाची किंवा मुलीची पुढची वर्षे तुम्ही पत्करा. फी असेल, पुस्तक असेल, घरच्यांची समजूत घालणे असेल. केळुसकरांनी यातले सारेच केले. तेव्हा तो मुलगा कोणीही नव्हता, हे विसरू नये.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. देहूरोडच्या सभेत ज्याचा उल्लेख केला होता तो ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी लिहिलेली एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तीत त्यांनी बुद्धाची ओळख कशी झाली, ते सांगितले आहे. परदेशच्या पदव्यांनी नव्हे, तर शाळकरी वयातल्या त्या सभेत दादा केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाने.

त्या सभेत किती हार घातले गेले, कोणी कोणी भाषणे केली, ते आता कोणाला आठवत नाही. पुस्तक मात्र देहूरोडपर्यंत आले.