८८ विरुद्ध २

७ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका ठरावावर मतदान झाले. बाजूने ८८, विरोधात २. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने तो ४१६ विरुद्ध शून्य असा मंजूर केला. हा युद्ध पुकारण्याचा ठराव नव्हता. अमेरिकी सैन्यावरचे सशस्त्र हल्ले परतवण्यासाठी आणि पुढील आक्रमण रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आवश्यक ती सर्व पावले उचलतील आणि काँग्रेस त्यांच्या पाठीशी राहील, एवढाच त्याचा आशय. याच कागदाच्या आधारावर पुढच्या चार वर्षांत पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये उतरले. युद्ध संपेपर्यंत त्यांतले ५८ हजारांवर मेले; व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पटींनी मोठी आहे.

राष्ट्राध्यक्षांनी देशावर युद्ध लादले, असे या प्रकरणाबद्दल सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही, पण त्या दोन दिवसांतली सिनेटमधली चर्चा वाचताना मला दुसरीच गोष्ट अधिक अस्वस्थ करते. अधिकार हिसकावून घेण्याची वेळच आली नाही. तो आपण होऊन हाती ठेवला गेला.

वास्तविक अमेरिकेच्या घटनाकारांना हीच भीती होती. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत, युद्ध ‘करण्याचा’ अधिकार काँग्रेसला द्यावा असा मसुदा होता. मॅडिसन आणि गेरी यांनी तिथे युद्ध ‘जाहीर करण्याचा’ असा बदल सुचवला. अचानक हल्ला झाला तर तो परतवण्याची मुभा राष्ट्राध्यक्षाला असावी, पण युद्धात उतरायचे की नाही हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे, असा त्यामागचा हेतू. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती असेल, परंतु सेनापतीला रणांगण निवडू द्यायचे नाही. १९५० साली ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य उतरवले, तेव्हाच ही भिंत खचली होती.

टोंकिनच्या आखातात काय घडले? २ ऑगस्टला उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला, हे निर्विवाद. ४ ऑगस्टच्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन जहाजांनी पुन्हा हल्ला झाल्याचे कळवले. काही तासांतच तिथले अधिकारी कॅप्टन हेरिक यांनी दुसरा संदेश धाडला: हवामान विचित्र आहे, सोनारवरचे लोक अतिउत्साही आहेत, पुढचे पाऊल उचलण्याआधी सर्व काही तपासून घ्यावे. तपासायला वेळ कुणाला होता? त्याच रात्री उशिरा जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि उत्तर व्हिएतनामवर विमाने धाडली गेली. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आज इतिहासकार मानतात. अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेतल्याच एका इतिहासकाराचा या निष्कर्षाचा अभ्यास २००५ साली खुला करण्यात आला.

विरोधात मत देणारे दोघे जण भोळे शांततावादी नव्हते. ओरेगनचे वेन मोर्स कायद्याचे प्राध्यापक होते. अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग पूर्वाश्रमीचे पत्रकार, वय ७७. व्हिएतनाममधून बाहेर पडा असे ते मार्चपासूनच सिनेटमध्ये सांगत होते. मोर्स यांचा युक्तिवाद दुहेरी होता. जुलैअखेर दक्षिण व्हिएतनामी नौकांनी उत्तरेच्या बेटांवर छापे घातले होते आणि अमेरिकी जहाज त्याच पाण्यात फिरत होते. मग हा हल्ला विनाकारण कसा? संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी समितीपुढे सांगितले की नौदलाचा त्या छाप्यांशी संबंध नाही आणि त्याला त्यांची माहितीही नव्हती. दुसरा मुद्दा घटनेचा. युद्धाचा निर्णय घेणे हे काँग्रेसचे कर्तव्य आहे, आणि कर्तव्य दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही.

ठराव सभागृहात मांडणारे विल्यम फुलब्राइट हे जॉन्सन यांचे मित्र. परराष्ट्र व्यवहाराची त्यांची जाण वादातीत होती. सिनेटर कूपर यांनी त्यांना सरळ विचारले, की युद्धाकडे नेणारे बळ वापरायचे राष्ट्राध्यक्षांनी ठरवले, तर तो अधिकार आपण या ठरावाने देत आहोत का? आपण तसाच अर्थ लावू, असे फुलब्राइट म्हणाले. गेलॉर्ड नेल्सन यांनी दुरुस्ती सुचवली की अमेरिकेची भूमिका मदत, प्रशिक्षण आणि सल्ल्यापुरती मर्यादित राहावी. राष्ट्राध्यक्षांचे धोरण हेच आहे, असे फुलब्राइट यांनी मान्य केले आणि तरीही दुरुस्ती नाकारली, कारण तिने ठराव लांबला असता. नोव्हेंबरात निवडणूक होती, समोर गोल्डवॉटरसारखा आक्रमक उमेदवार होता, आणि एकजूट दाखवणे हाच युद्ध टाळण्याचा मार्ग आहे असे फुलब्राइटना मनापासून वाटत होते. मला या प्रसंगातला सर्वांत दुःखद भाग हाच वाटतो. धोका ओळखण्याची बुद्धी ज्याच्यापाशी होती, त्याने ती मैत्री आणि निवडणुकीच्या गणिताकडे गहाण टाकली.

वाटाघाटींची दारे त्या वेळी बंद नव्हती. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. या आयोगातले कॅनडाचे प्रतिनिधी ब्लेअर सीबॉर्न जून १९६४ मध्ये हनोईला जाऊन पंतप्रधान फाम वान डाँग यांना भेटले होते. बॉम्बहल्ल्यानंतर ऑगस्टमध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांच्या हाती वॉशिंग्टनचा इशारा होता आणि समोर संतापलेला पंतप्रधान. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट बोलणी घडवून आणण्याच्या खटपटीत होते. द गॉल व्हिएतनाम तटस्थ करा म्हणत होते. या वाटांनी शांतता आलीच असती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हनोईही देश एक करण्याच्या निर्धारापासून हटणारे नव्हते. पण जिथे बळ वापरण्याची परवानगी आधीच खिशात असते, तिथे वाटाघाटी म्हणजे धमकी पोचवण्याचे साधन उरते.

पुढे फुलब्राइट बदलले. १९६६ मध्ये त्यांच्या समितीने युद्धावर जाहीर सुनावण्या घेतल्या आणि लोकांनी त्या दूरचित्रवाणीवर पाहिल्या. पण १९६७ मध्ये सरकारतर्फे त्याच समितीला सांगण्यात आले की हा ठराव म्हणजे युद्धघोषणेच्याच तोलाची गोष्ट होय. जानेवारी १९७१ मध्ये ठराव रद्द झाला तरी युद्ध चालूच राहिले. निक्सन यांच्या मते सरसेनापती म्हणून असलेला अधिकार पुरेसा होता. दिलेली वस्तू परत मागून मिळत नाही, हे काँग्रेसला तेव्हा कळले.

अखेर ७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत कळवावे, आणि काँग्रेसची संमती नसेल तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, लढाई थांबवावी. राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचे असोत, हा कायदा त्यांना जाचक वाटत आला आहे. त्याचा दोष मात्र वेगळाच आहे: तो सुरुवातीला आडवा येत नाही. ६० दिवसांत बॉम्ब पडलेले असतात, सैनिक अडकलेले असतात, आणि विरोधात मत देणे म्हणजे आपल्याच मुलांना वाऱ्यावर सोडणे असे भासू लागते. मे १९६५ मध्ये नेमके हेच झाले. युद्धखर्चासाठी जॉन्सन यांनी ७० कोटी डॉलर मागितले तेव्हा सिनेटमध्ये मते पडली ८८ विरुद्ध ३. तिसरे होते नेल्सन. मार्च १९६६ मध्ये मोर्स यांनी टोंकिन ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. तो बाजूला सारण्याच्या बाजूने ९२, विरोधात ५. त्या पाचांत फुलब्राइट होते.

दोनाचे पाच व्हायला १९ महिने लागले. १९६८ च्या निवडणूकवर्षात मोर्स आणि ग्रुनिंग दोघांनीही आपल्या जागा गमावल्या. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये जितके अमेरिकी सैनिक मेले, तितके त्या युद्धाच्या दुसऱ्या कोणत्याही वर्षात मेले नाहीत.