पडलेल्या पानांचा हिशेब

नलोपाख्यानातला राजा ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाकडे दृष्टी टाकतो आणि खाली गळून पडलेली पाने व फळे फांद्यांवरच्यांहून किती अधिक आहेत, हे सारथी झालेल्या नळाला बिनचूक सांगतो. गणनेची आणि फाशांची ही विद्या पदरात पडली तेव्हाच द्यूतात घालविलेले राज्य नळाला परत मिळाले. लास व्हेगासच्या जुगारगृहांची झोप उडविणारी पत्ते मोजण्याची युक्ती याच जातकुळीची. मात्र तिचा जनक राजा नसून एडवर्ड थॉर्प नावाचा गणिताचा तरुण अध्यापक होता.

पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला, तेव्हापासून फाशाला स्मरण नसते, मागल्या दानाचे पुढल्या दानावर काही ऋण नसते, हे गृहीत धरले गेले, आणि पानांची बेरीज एकवीसपुढे जाऊ न देता वाढविण्याच्या ‘एकवीस’ या पत्त्यांच्या डावालाही नकळत तोच न्याय लागू झाला. १९५६ साली रॉजर बाल्डविन व त्याचे तीन सहकारी यांनी लष्करी नोकरीत असताना, साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून, पान केव्हा मागावे व केव्हा थांबावे याचा जो तक्ता प्रसिद्ध केला, त्याने जुगारगृहाची सरशी शेकडा एकाच्याही खाली आणली. पण ती मोडली नाही. १९५८ च्या नाताळात थॉर्प हा तक्ता तळहातात मावेल एवढ्या चिठ्ठीवर उतरवून व्हेगासला गेला आणि दहा डॉलरांतले साडेआठ गमावून उठला.

त्याच्या ध्यानात आले ते एवढेच, की तो तक्ता प्रत्येक डावी जोड पूर्ण असल्याचे मानतो, परंतु एकदा पडलेले पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. आय.बी.एम. ७०४ या यंत्रावर त्याने एकेक जातीचे पान काढून टाकून गणित केले, तेव्हा सर्वांत प्रतापी निघाली ती पंजी. कारण मोठे मौजेचे आहे: वाटणाऱ्याला सोळापर्यंत पान घेणे सक्तीचे असते, आणि बारा ते सोळा या अडचणीच्या बेरजांपैकी कोणतीही असो, पंजी आली की तो सतरा ते एकवीस या सुरक्षित मुक्कामी सुखरूप पोचतो. चारही पंज्या पडून गेल्या, तर पारडे सुमारे ३.३ टक्क्यांनी खेळणाऱ्याकडे झुकते.

या गणितावरचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात छापून यावयाचा तर तेव्हा सभासदाची शिफारस लागे, म्हणून थॉर्प क्लॉड शॅनन या सभासद गणितज्ञाकडे गेला. शॅननने उलटतपासणी घेऊन मथळा जरा सौम्य करविला, आणि जॉन केली याच्या १९५६ च्या एका निबंधाकडे थॉर्पचे लक्ष वेधले. माझ्या मते या कुळकथेतला खरा मूळपुरुष केलीच. जिंकण्याचा संभव अधिक असला म्हणून सारे मुद्दल पणाला लावणारा केव्हातरी नागवला जाणारच. केलीचे सूत्र पैजेचा हिस्सा ठरवून देते. बरोबरीच्या पैजेत जिंकण्याचा संभव शेकडा ५१ असेल, तर मुद्दलाचे दोन टक्केच लावावेत.

१९६१ साली दुसऱ्यांनी पुरविलेल्या दहा हजार डॉलरांवर थॉर्पने नेवाडात सुमारे अकरा हजार मिळविले, आणि पुढल्याच वर्षी पुस्तक लिहून ही विद्या चव्हाट्यावर मांडली. १९६४ मध्ये व्हेगासच्या जुगारगृहांनी नियम कडक केल्याचे फर्मान काढले. पण गिऱ्हाईकच रोडावल्याने ते निमूटपणे मागे घ्यावे लागले. आपल्या अडाणीपणावर विसंबणारे गिऱ्हाईक किती मोलाचे, हे त्यांना तेव्हा कळले असावे.

थॉर्प मात्र बाजाराकडे वळला होता. ठरलेल्या किमतीस भाग विकत घेण्याचा हक्क देणारे जे वॉरंट नावाचे दस्तऐवज, त्यांच्या किमती अनेकदा अवाजवी असतात, हे हेरून त्याने शीन कॅसॉफसमवेत १९६७ साली ग्रंथ लिहिला: महागलेले वॉरंट विकावे, त्याच कंपनीचे भाग हिशेबी प्रमाणात घ्यावेत, म्हणजे बाजार वर जावो वा खाली, एकाची खोट दुसऱ्याने भरून निघते. १९६९ साली भागीदारीत काढलेला त्याचा निधी १९८८ पर्यंत चालला आणि एकाही वर्षाचा ताळेबंद तोट्यात गेला नाही; तेथेही एकेका व्यवहारात किती रक्कम गुंतवावी हे ठरविताना केलीचे सूत्र त्याच्या नजरेसमोर असे.